मेटल रिफ: आधी उजवा हात, मग अ‍ॅम्पचे नॉब

गिटारवरचा मेटलचा एखादा रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणारी छोटी ओळ, मनात बसला की बहुतेक जण टॅब (कोणती तार कुठे दाबायची ते आकड्यांत दाखवणारी लिपी) शोधतात, गेन (आवाज किती फाटावा ते ठरवणारा नॉब) शेवटापर्यंत फिरवतात आणि मग पेडल, पिकअप, प्लगइन बदलत बसतात. आवाज जाडजूड होतो, पण रेकॉर्डवर ऐकलेला तो घट्ट, चावरा दणका काही येत नाही. त्या दणक्याचा मोठा हिस्सा उजव्या हाताच्या तळव्याच्या कडेत असतो आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून इथला क्रम असा आहे: कान, उजवा हात, डावा हात, वेग आणि त्यानंतर अ‍ॅम्प.

डावखुऱ्यांनी हात अदलाबदल करून वाचावं. या संगीताचा पाया घालणारा ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमीही डावखुराच. १९६५ मध्ये, सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली, आणि तारा दाबायचा त्याचा हात तोच. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, हलक्या तारा लावल्या आणि पुढे ट्यूनिंगही खाली आणलं. सैल तारा, खालचा सूर, दोन बोटांत मावणारे कॉर्ड: आज ज्याला मेटलचा आवाज म्हणतो त्यातलं बरंच काही या गैरसोयीतून आलं आहे.

ट्यूनिंग ओळखा

गाण्यातला सगळ्यात खालचा, मोकळ्या तारेवर घुमणारा सूर शोधा. तो ई असेल (८२ हर्ट्झ) तर साधं ट्यूनिंग. डी निघाला (७३ हर्ट्झ) तर ड्रॉप डी (फक्त सहावी, सगळ्यात जाड तार एक स्वर खाली) असेल किंवा सगळ्याच तारा एक पूर्ण स्वर खाली असतील. सी (६५ हर्ट्झ) म्हणजे बहुधा ड्रॉप सी. बी (६२ हर्ट्झ) म्हणजे सात तारांची गिटार, नाहीतर सहा तारांची खूप खाली उतरवलेली. ड्रॉप ट्यूनिंगची खूण सोपी आहे. त्यात पॉवर कॉर्ड (फक्त सा आणि प चा कॉर्ड) एकाच बोटाने आडवे दाबता येतात, त्यामुळे कॉर्ड सरकवत नेलेले किंवा फार झपाट्याने बदललेले ऐकू आले की ड्रॉपची शंका घ्यावी.

जुन्या, टेपवर ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बममध्ये सूर कधी कधी दोन स्वरांच्या मधेच कुठेतरी असतो, कारण टेपचा वेग थोडा कमी-जास्त झालेला असतो. अशा वेळी ट्यूनरवरचा ४४० चा आकडा दोन-चार हर्ट्झ वरखाली करून बघा. गाण्याबरोबर वाजवताना सतत काहीतरी खुपत असेल तर बोटांना दोष देण्याआधी हे तपासा.

तारांची जाडीही इथेच ठरवा. ई ट्यूनिंगला १०-४६ चा सेट (सगळ्यात पातळ आणि सगळ्यात जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) ठीक आहे. ड्रॉप सी ला तोच सेट लावला तर सहावी तार दोरीसारखी लोंबते आणि प्रत्येक आघाताला बेसूर होते. तिथे ११-५४ किंवा त्याहून जाड सेट घ्या, आणि नवा सेट लावल्यावर इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागणं, पुन्हा जुळवा. आणखी एक गोष्ट: तार जोरात मारली की पहिल्या क्षणी तिचा सूर थोडा वर चढतो. म्हणून ट्यून करताना हळुवार टिचकी मारू नका, रिफमध्ये जितक्या जोराने मारणार तितक्याच जोराने मारून सूर जुळवा.

कानाने उतरवून घ्या

टॅब वाईट नसतात, पण बरेचसे टॅब हौशी लोकांनी कानाने लिहिलेले असतात. स्वर बहुतेकदा बरोबर असतात, जागा चुकीच्या असतात. पाचव्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा ई आणि चौथ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा ई सूर म्हणून एकच, पण जाड तारेवरचा जास्त गोल आणि दाट लागतो. म्हणून टॅबकडे उत्तर म्हणून न बघता अंदाज म्हणून बघा आणि कानाने पडताळा.

हेडफोन लावून आधी फक्त डावी बाजू ऐका, मग फक्त उजवी. मेटलमध्ये दोन गिटार सहसा दोन टोकांना ठेवलेल्या असतात आणि त्या नेहमी एकच गोष्ट वाजवत नसतात. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सूर न बदलता वेग ६० टक्क्यांवर आणता येतो. डीमक्ससारखी साधनं गाण्यातून ड्रम, बास, आवाज वेगळे काढतात. उरलेला गिटारचा भाग थोडा पाणचट लागतो, पण स्वर ओळखायला पुरतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी आपलाच एक रिफ घेऊ. ई ट्यूनिंग, वेग १४० बीपीएम (मिनिटाला १४० मात्रा). पहिल्या तीन मात्रा सहाव्या मोकळ्या तारेवर दबक्या गॅलपच्या, म्हणजे घोड्याच्या टापांसारख्या लयीच्या. चौथ्या मात्रेवर दोन पॉवर कॉर्ड, एक पहिल्या फ्रेटवर, दुसरा सहाव्यावर, दोन्ही मोकळे सोडलेले. ई ला सा धरलं तर हे कोमल रे आणि तीव्र म. मेटलच्या अंधारातला बराचसा अंधार या दोन स्वरांचा आहे.

उजवा हात

इथे घाई करू नका. डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून ठेवा, एकही सूर वाजवू नका, आणि रिफची फक्त लय उजव्या हाताने वाजवा. खट-खट आवाजातही रिफ ओळखू आला पाहिजे. तो येत नसेल तर स्वर घालून काही फरक पडणार नाही.

मग पाम म्यूट, म्हणजे तळव्याने तारा दबक्या करणं. तळव्याची करंगळीकडची कड ब्रिजवर अशी टेकवा की ती तारांच्या सुरुवातीच्या काही मिलिमीटरवर येईल. हात मागे, पूर्ण ब्रिजवर गेला तर तार मोकळीच वाजेल. पुढे, पिकअपकडे सरकला तर सूर मरून नुसता ठोका उरेल. या दोन टोकांच्या मधे एक छोटी पट्टी आहे जिथे सूर कळतो आणि शेपूटही तुटते. ती पट्टी प्रत्येक गिटारवर वेगळी असते, शोधावी लागते. दाब मात्र कमीच ठेवा. जास्त दाबलं की तार ताणली जाऊन सूर चढतो, आणि फ्लॉइड रोजसारखा तरंगता ब्रिज असेल तर सगळ्याच तारा बेसूर होतात.

म्यूट हा दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद नसतो. चांगला वादक एकाच रिफमध्ये तीन-चार प्रकारचे दाब वापरतो: गॅलपला घट्ट, त्यानंतरच्या कॉर्डला मोकळं, मधल्या एखाद्या स्वराला अर्धवट. मूळ गाणं ऐकताना प्रत्येक स्वरापुढे "घट्ट", "अर्धा", "मोकळा" असं कागदावर लिहून ठेवा. टॅबमध्ये हे फार ढोबळ दिलेलं असतं आणि रिफचं व्यक्तिमत्त्व नेमकं इथेच असतं.

आता स्ट्रोकची दिशा. खाली मारलेला स्ट्रोक आणि वर मारलेला स्ट्रोक यांचा आवाज सारखा नसतो. खालचा जास्त ठोस येतो. म्हणूनच थ्रॅश (वेगवान मेटलचा एक प्रकार) वादक शक्य तिथे सगळं डाउनस्ट्रोकने वाजवतात. मेटालिकाच्या १९८६ च्या 'मास्टर ऑफ पपेट्स'चा मुख्य रिफ साधारण २१२ बीपीएमला जवळजवळ पूर्ण डाउनस्ट्रोकने वाजवलेला आहे, म्हणजे सेकंदाला सात. एकाआड एक स्ट्रोकने तो सोपा होतो, पण ऐकणाऱ्याला लगेच पातळ वाटतो. उलट गॅलप किंवा ट्रेमोलोला (एकच सूर फार झपाट्याने वाजवणं) डाउनस्ट्रोकचा हट्ट धरणं निरर्थक. आपल्या रिफमधला गॅलप म्हणजे एक लांब आणि दोन छोटे ठोके: खाली, मग खाली-वर. मात्रेवरचा ठोका नेहमी खाली पडतो, त्यामुळे लय घसरत नाही.

हालचाल मनगटातून हवी. वेग वाढला की कोपर ताठ होतं, खांदा वर चढतो, पिकवरची पकड आवळते. हे आरशात बघा किंवा फोनवर चित्रित करा, कारण वाजवताना ते जाणवत नाही. हाताच्या पुढच्या भागात जळजळ झाली तर थांबून हात झटका, आणि टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी बंद करा.

पिकबद्दल थोडंच. एक मिलिमीटरहून पातळ पिक तारेवर वाकतो आणि ठोका उशिरा लागतो. १ ते १.५ मिलिमीटरमधला, टोकदार पिक घ्या, त्याचं टोक बोटांबाहेर कमीत कमी ठेवा आणि पिक तारेला किंचित तिरका धरा. जास्त तिरका केला की खरवडल्यासारखा आवाज येतो. काही जुन्या थ्रॅश रेकॉर्डवर तो खरखरीतपणा हवासाही वाटतो, ते कानावर सोडा.

डावा हात

डाव्या हाताचं अर्धं काम सूर दाबायचं आणि अर्धं नको त्या तारा गप्प ठेवायचं. पॉवर कॉर्ड दाबताना पहिलं बोट वरच्या पातळ तारांवर नुसतं आडवं टेकलेलं असू द्या. कॉर्डचा पाया पाचव्या तारेवर असेल तर त्याच बोटाचं टोक सहाव्या तारेला स्पर्श करेल असं ठेवा. जास्त गेनवर न वाजवलेली तारसुद्धा गुणगुणते.

रिफमधली शांतता दोन्ही हातांनी वाजवायची असते. बोटं तारेवरून उचलू नका, फक्त दाब सोडा, त्याच वेळी उजवा तळवा टेकवा. बोट उचललं की मोकळी तार "टुंग" करते. नटच्या मागे, हेडस्टॉकच्या बाजूला, तारांखाली कापडाची पट्टी किंवा केसांचा रबर अडकवला तर तिथली किणकिण थांबते. स्टुडिओतही हेच करतात.

वेग चढवणे

नेहमीचा सल्ला असा की ठाय लयीत सुरू करा आणि पाच-पाच बीपीएमने वर जा. सल्ला बरोबर आहे, अपुरा आहे. हळू वाजवताना हात जी हालचाल करतो ती वेगात चालतेच असं नाही. ७० बीपीएमला मोठी, आरामशीर हालचाल खपून जाते. १४० ला तीच हालचाल वेळेत परत येत नाही आणि हाताला अचानक नवीन काहीतरी शोधावं लागतं.

म्हणून दोन्हीकडून खोदा. एकीकडे ७० ला पूर्ण रिफ, प्रत्येक म्यूट आणि प्रत्येक शांतता जागच्या जागी. दुसरीकडे थेट १४० ला फक्त एक मात्रा आणि पुढच्या मात्रेचा पहिला खालचा ठोका, मग थांबा. हात सैल. पुन्हा तेवढंच. ते जमलं की दोन मात्रा, मग तीन. कॉर्डवर जाणारी उडी अवघड असेल तर तेवढीच अलग काढा: गॅलपचा शेवटचा ठोका आणि पहिला कॉर्ड, एवढंच दहा-वीस वेळा. संपूर्ण रिफ सुरुवातीपासून पुन्हापुन्हा वाजवणं हा सराव वाटतो, पण त्यात सोपा भाग पक्का होतो आणि अडणारा भाग अडतच राहतो.

मेट्रोनोम नुसता ऐकू नका, त्याला अवघड करा. त्याचा ठोका फक्त दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर ठेवा. समेचा ठोका मिळत नाही म्हटल्यावर घाई करणारा हात लगेच उघडा पडतो. आणि हे सगळं आठवड्यातून निदान एकदा स्वच्छ, गेन नसलेल्या आवाजात करा. डिस्टॉर्शन, म्हणजे गेनने फाटलेला आवाज, चुका झाकतं.

गेन किती

आता अ‍ॅम्प. ब्रिजजवळचा हमबकर (दोन कॉइलचा, कमी गुणगुणणारा) पिकअप निवडा, व्हॉल्यूम पूर्ण. ईएमजी ८१ सारखा अ‍ॅक्टिव्ह पिकअप असेल तर त्याची ९ व्होल्टची बॅटरी ताजी आहे ना ते बघा. ती उतरली की आवाज फाटका होतो आणि लोक उगाच अ‍ॅम्पला दोष देतात. कॉम्प्युटरवर वाजवत असाल तर इंटरफेसचा (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) इन्स्ट्रुमेंट इनपुट वापरा, लाइन इनपुट नाही. बफर (कॉम्प्युटर आवाजाचा एका वेळी हाताळतो तो तुकडा) १२८ सॅम्पल किंवा कमी ठेवा. जास्त बफरने आवाज उशिरा येतो आणि वर कमावलेली लय वाया जाते.

ईक्यूचे (बास, मिड आणि ट्रेबल, म्हणजे खालचे, मधले आणि वरचे सूर) सगळे नॉब मधोमध, गेन शून्य. दबका गॅलप वाजवत गेन हळूहळू वाढवा. एका ठिकाणी म्यूट "चग" असा बोलायला लागतो. तिथे थांबा आणि थोडं मागे या. ही जागा बहुतेकांना सुरुवातीला फारच कमी वाटते. रेकॉर्डवर प्रत्येक बाजूला एक किंवा दोन गिटार वेगवेगळ्या वाजवलेल्या असतात, खाली बास गिटार जोडलेली असते. त्या सगळ्यांचा मिळून होणारा जाडपणा एकट्या गिटारमधून गेन वाढवून काढायला गेलं की आघात बोथट होतो, सूर एकमेकांत मिसळतात आणि मधली शांतता सुसकाऱ्याने भरते.

डिस्टॉर्शन स्वरांना एकमेकांत गुणतं, म्हणून पॉवर कॉर्ड मेटलमध्ये चालतो. त्यात फक्त सा आणि प असतात, कंपनांचं प्रमाण २:३. ८२ आणि १२३ हर्ट्झ एकत्र डिस्टॉर्ट झाले की त्यांच्या फरकाचा, ४१ हर्ट्झचा सूरही निर्माण होतो, म्हणजे एक सप्तक खालचा सा. कॉर्ड आपोआप जड होतो. त्यातच गंधार घातला की फरकाचे सूर भलतीकडे पडतात आणि गढूळपणा येतो.

गढूळपणाचं दुसरं कारण म्हणजे डिस्टॉर्शनच्या आधीचा खर्ज. खालचा सूर जास्त ताकदीने गेन स्टेजमध्ये शिरला की तोच सगळं गिळतो. यावरचा जुना उपाय म्हणजे अ‍ॅम्पच्या आधी ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह: ड्राइव्ह शून्याजवळ, लेव्हल जवळजवळ पूर्ण, टोन मधे. हे पेडल साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग वरच्याइतका वाढवत नाही, त्यामुळे अ‍ॅम्पमध्ये आवळलेला, मधल्या पट्टीचा सिग्नल जातो. मग अ‍ॅम्पचा बास, म्हणजे डिस्टॉर्शननंतरचा बास, हवा तेवढा वाढवा. तो गढूळ न होता छातीत बसतो. पीव्ही ५१५०, मेसा रेक्टिफायर हे अ‍ॅम्प किंवा त्यांच्या प्लगइन नकला, सगळीकडे ही युक्ती लागू पडते.

नॉइज गेट (ठरलेल्या पातळीखालचा, म्हणजे थ्रेशोल्डखालचा आवाज बंद करणारं साधन) शेवटी, आणि तोही जेमतेम. न वाजवता सुसकारा थांबेल एवढाच थ्रेशोल्ड ठेवा. लांब धरलेला कॉर्ड मधेच कापला गेला तर गेट जास्त झाला.

ईक्यू आणि कॅबिनेट

घरी, कमी आवाजात, मधले सूर पूर्ण काढून बास आणि ट्रेबल वाढवलेला आवाज भारी वाटतो. कमी आवाजात आपल्या कानाला दोन्ही टोकं कमी ऐकू येतात, म्हणून आपण ती भरून काढतो. तोच सेटिंग बँडमध्ये नेला की खालचा भाग बास आणि किक ड्रम खातात, वरचा झांजा खातात, आणि गिटार गायब. गिटारचं घर मधल्या पट्टीत आहे. थ्रॅशसाठी मिड थोडे कमी करा हवं तर, पण मधोमधच्या फार खाली नेऊ नका.

ढोबळ नकाशा असा: १०० हर्ट्झच्या खाली गिटारची फारशी गरज नाही, २०० ते ४०० मध्ये गढूळपणा, ७०० ते १५०० मध्ये रिफचे स्वर कळतात, २ ते ४ हजारात पिकचा चावा, ८ हजारांच्या वर बहुतेक नुसती भुणभुण. रेकॉर्ड करताना ८० ते १०० च्या खालचं आणि १० हजारांच्या वरचं कापून टाकायला घाबरू नका. एकटी गिटार जरा खुरटी वाटेल, मिक्समध्ये बसेल.

नॉबपेक्षा मोठा फरक स्पीकर करतो. सेलेस्टियन व्हिंटेज ३० स्पीकर आणि त्यासमोर शुअर एसएम५७ माइक ही जोडी असंख्य मेटल अल्बमवर आहे. माइक स्पीकरच्या मधोमध असेल तर आवाज तीक्ष्ण, कडेकडे सरकवला तर मऊ, दबका. दोन सेंटिमीटरनेही फरक पडतो. प्लगइन वापरणाऱ्यांसाठी हेच काम आयआर फाइल (स्पीकर आणि माइकच्या आवाजाचा ठसा) करते. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर मोफत आहे, त्यात चांगली कॅप्चर (खऱ्या अ‍ॅम्पची डिजिटल नक्कल) आणि चांगला आयआर टाकला तर महागडं काही लागत नाही. आवाज पटत नसेल तर ट्रेबल फिरवण्याआधी आयआर बदला.

काही आवाजांची कृती मात्र अगदी ठरलेली आहे. स्वीडिश डेथ मेटलचा करवतीसारखा आवाज हवा असेल तर बॉसचं एचएम-२ पेडल घ्या आणि चारही नॉब पूर्ण फिरवा. एन्टूम्बडच्या १९९० च्या पहिल्या अल्बमवर, स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत घडलेला तो आवाज आहे. तिथे वरचे सगळे संयमाचे सल्ले बाजूला ठेवावेत. उलट जुन्या सॅबथ धाटणीच्या रिफला गेन आणखी कमी आणि मिड भरपूर लागतात. सावकाश वाजवलेल्या रिफला श्वास घ्यायला जागा हवी.

मूळ गाण्याशी ताडून बघणे

गाणं आणि आपलं रेकॉर्डिंग एकाच प्रोजेक्टमध्ये शेजारी ठेवा. आधी दोघांचा आवाज सारख्या पातळीवर आणा. ज्याचा आवाज मोठा तोच कानाला बरा वाटतो, आणि ही फसवणूक कुणाच्याही कानाला चुकत नाही. मग गाण्यात गिटार एकटी असलेली जागा शोधा, बहुतेकदा सुरुवातीला किंवा ब्रेकमध्ये मिळते. तुलना तिथेच करा. बास वाजत असलेल्या जागी तुलना केली तर बास गिटारचा खर्ज आपल्या अ‍ॅम्पमधून काढायचा खटाटोप सुरू होतो.

रिफ दोनदा वाजवा. एक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, कॉपी-पेस्ट न करता खरोखर दोनदा. दोन वादनांतला सूक्ष्म फरकच रुंदी देतो. कॉपी केलेला ट्रॅक फक्त मोठा ऐकू येतो, रुंद नाही. दोन्ही ट्रॅकवर गेन आणखी थोडा कमी करा. गॅलपचे ठोके दोन्ही बाजूंना एकत्र पडत नसतील तर ते लगेच कळेल, आणि मग उपाय अ‍ॅम्पवर नाही, मेट्रोनोमवर आहे.

सोलोसाठी वेगळा सेटिंग साठवा: मिड जास्त, आवाज दोन-तीन डेसिबलने वर, थोडा डिले, गेट सैल. बँडच्या खोलीत गेल्यावर बास एक-दोन घरं खाली आणा, मिड तेवढेच वर न्या, आणि आवाज तपासायला अ‍ॅम्पच्या अगदी पुढ्यात गुडघ्यापाशी उभे राहू नका. स्पीकरचा तीक्ष्ण भाग सरळ रेषेत जातो, तो कानाच्या उंचीवर येईल असा अ‍ॅम्प तिरका करा किंवा खुर्चीवर ठेवा, आणि मगच ट्रेबलला हात लावा.